अंगदचं ताट

अंगद जेलच्या बराकीत माझ्यापासून पाच माणसं सोडून झोपायचा, आणि तो जेवला की नाही हे बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हे वाचून कुणाला भावाभावांचं प्रेम वगैरे वाटलं असेल तर त्यानं ते लगेच डोक्यातून काढून टाकावं. अंगद माझा चुलतभाऊ. त्याच्या फावड्यानं माझा डावा हात मोडला होता आणि माझ्या पान्यानं त्याच्या बापाचं डोकं फुटलं होतं. दोघांनी एकमेकांवर केस केली, पोलिसांनी दोघांनाही उचललं, आणि सरकारनं दोघांची सोय एकाच बराकीत लावली. एरवी अशा दोन पार्ट्या वेगळ्या ठेवतात. पण आम्ही यायच्या सुमारास बाजूच्या बराकीत दोन टोळ्यांची जुंपली होती. तिकडची माणसं इकडं, इकडची तिकडं अशी कालवाकालव झाली, आणि त्या गडबडीत आम्हा गरिबांचं भांडण कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

भांडण मोटारीच्या पाळीवरून झालं. विहीर सामाईक, लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, आणि त्या दिवशी पाळी माझी असताना मोटार अंगदनं चालू केलेली. मी पाना घेऊन त्याचा पाईप सोडवायला गेलो. तो फावडं घेऊन आला. माझ्या हातावर फावडं बसलं आणि मी दुसऱ्या हातानं पाना फिरवला. फिरवला तो अंगदवर. मध्ये आले आप्पा.

आप्पा म्हणजे सुंदरराव, अंगदचे वडील, माझे सख्खे चुलते. माझा बाप मी शाळेत जायच्या आधीच गेला. आप्पांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, माझं लग्न लावलं, आणि वाटणी करताना विहिरीकडचा चांगला तुकडा माझ्या नावावर केला. त्यासाठी स्वतःच्या पोराच्या शिव्या खाल्ल्या. त्याच आप्पांना मी शेतवाटेवर, पाळंदीत आडवं केलं. हे मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला नव्यानं सांगायचो, कारण झोपेत ते विसरलेलं असायचं.

आप्पांना संभाजीनगरला नेलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, शुद्ध नव्हती. माझा वकील एकदाच भेटायला आला आणि जे सांगायचं ते उभ्याउभ्याच सांगून गेला. पेशंट उठून बसला तर पुढंमागं जामीन होईल. पेशंट गेला तर तीनशेदोन. आता कायद्यातले आकडे बदललेत म्हणे, पण जेलात सगळे जुनेच आकडे बोलतात, आणि तीनशेदोन म्हटलं की कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

तर माझं पुढचं सगळं आयुष्य आप्पांच्या श्वासावर टांगलेलं होतं, आणि तो श्वास चालू आहे की नाही हे कळायला मला मार्ग नव्हता. माझी बायको वनमाला भांडणानंतर लेकरांना घेऊन माहेरी चौसाळ्याला गेली होती. चकलांब्याकडं, आमच्या वस्तीवर, तिची पाऊल टाकायची टाप नव्हती. मुलाखतीला आली की काचेपलीकडून फोनवर म्हणायची, "लोकं काय बी सांगत्यात. कुणी म्हणतं डोळे उघडले, कुणी म्हणतं मशिनीवर ठिवलंय. मी कुणाचं खरं मानू?" अंगदला मात्र सगळं कळायचं. त्याचा मेव्हणा भेटायला यायचा, घरी फोन करायची त्याची पाळी असायची. बराकीत आलो त्या आठवड्यात मी एकदा लाज गुंडाळून त्याला विचारलंही होतं, "आप्पा कसे हायत?"

"तू इचारणारा कोण बे?" एवढं बोलून तो जमिनीवर थुंकला. त्यानंतर आमचा अबोला.

म्हणून ताट. अंगद जेवला म्हणजे आप्पा आहेत. अंगदनं अर्धं टाकलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. बापाचं वाईट ऐकून आलेला माणूस तीन चपात्या खाणार नाही, एवढी मला त्याची खात्री होती. दोष बरेच होते त्याच्यात, पण हा नव्हता. मध्ये दोन वेळा तो जेवला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो जेवेपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आता जेलातला दिवस कसा असतो ते सांगतो, म्हणजे ताटाकडं बघत बसण्याशिवाय माणसाला दुसरा धंदा का राहत नाही ते कळेल. सकाळी दार उघडायच्या आधी टोटल होते. टोटल म्हणजे मोजणी. जोडीजोडीनं उकिडवं बसायचं, शिपाई बोट नाचवत मोजत जातो, आणि हमखास एक माणूस चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून. मग चहा. त्याला चहा म्हणायचा कारण तो चहाच्या वेळेला येतो. मग संडासाची रांग, हौदावर आंघोळीची रांग, मग भत्ता. जेवणाला इथं भत्ता म्हणतात. जर्मनच्या ताटात चपात्या, वरण आणि भाजी. भाजी कसली आहे हे दुपारपर्यंत चर्चेला पुरतं. मग बाराच्या सुमारास बंदी, म्हणजे दाराला कुलूप. तीनला उघडतात. पाचला रात्रीचं जेवण, आणि ऊन अंगणात असतानाच पुन्हा कुलूप. आमच्याकडं त्या वेळेला बैलसुद्धा गोठ्यात येत नाहीत. मग सकाळपर्यंत तुम्ही, पंखे आणि एकमेकांचे पाय.

माणसं बराकीच्या मापापेक्षा दुप्पट. एका कुशीवर झोपायचं, आणि एकानं कूस बदलली की अख्ख्या ओळीनं बदलायची. नवीन माणूस संडासाजवळ. कुणी सुटला की सगळे एकेक जागा पुढं सरकतात, त्यामुळं परक्याच्या जामिनासाठी लोक मनापासून देवाला हात जोडतात. मी आणि अंगद एकाच दिवशी आलो, त्यामुळं बरोबरच सरकत गेलो. वैशाखात पत्र्याखाली सगळ्यांना खरूज झाली. रात्रभर बराक खाजवत असायची, जनावरं कडबा खातात तसा आवाज.

या सगळ्याची सवय होते. मला सवय झाली नाही ती एका गोष्टीची. गावात आपल्या माणसाचं बरंवाईट विचारायचं तर बांधावरून एक हाक पुरते. इथं आप्पांची खबर माझ्यापासून पाच माणसांवर निजलेली होती आणि मी ती विचारू शकत नव्हतो. कुलूप दाराला होतं ते वेगळंच. तोंडाला लागलेलं कुलूप मला जास्त आवळायचं. कधीकधी दुपारच्या बंदीत वाटायचं की उठून अंगदचा गळा धरावा आणि ओरडावं, सांग, बाप आहे का गेला ते सांग. पण गळा धरण्याचा माझा अनुभव काही चांगला नव्हता.

आमच्यात आश्रुबा म्हणून एक वयस्कर माणूस होता. दिंद्रुडला त्याचं केस कापायचं दुकान, जावयाच्या केसमध्ये आत आलेला. रविवारी तोच सगळ्यांचे केस कापायचा. मी अंगदच्या ताटाकडं बघतो हे त्यानं ताडलं होतं. "उत्तरेश्वर," तो म्हणायचा, "भावाचा घास मोजू नई. पोटात दुखंल त्याच्या." मी म्हणायचो, "दुखू द्या. जेवला म्हंजी झालं." एकदा अंगदनं कँटीनमधून लाडू घेऊन खाल्ला. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला की मी माझी चपाती आश्रुबाला दिली, आणि दुपारी भुकेनं तळमळत पडलो.

मग तो शनिवार आला. सकाळी माझी मुलाखत झाली. वनमालेकडं नवीन काही नव्हतं, नुसती रडली. दुपारनंतर अंगदला ऑफिसात बोलावलं. परत आला तो मान खाली घालून. कुणाशी बोलला नाही, भिंतीकडं तोंड करून पडला. संध्याकाळचा भत्ता आला. त्यानं ताट घेतलं, बाजूच्या पोत्यावर ठेवलं, आणि शेजारच्याकडं सरकवलं. एक घास नाही. मी हात वरणात तसाच धरून बसलो. रविवारी सकाळी चहाही त्यानं घेतला नाही.

 मी मनाला समजावत होतो, की पोट बिघडलं असेल, उष्णता झाली असेल. इथं पोट बिघडायला कारण लागत नाही.

रविवारी अंगणात लिंबाखाली आश्रुबानं कात्री मांडली. वस्तरा ऑफिसातून येतो आणि तो बाहेर असेतोवर शिपाई काठी घेऊन शेजारी उभा राहतो. वस्तरा चालू असताना कुणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा आमच्या त्या शिपायाचा नियम होता. पूर्वी कधीतरी बोलताबोलता वाद होऊन कुणाच्या कानावर वस्तरा फिरला होता म्हणे. मला संडासाच्या रांगेतून मोकळं व्हायला उशीर झाला. अंगणात आलो आणि बघितलं तर हौदापाशी अंगद पाठमोरा उभा. डोकं वस्तऱ्यानं गुळगुळीत केलेलं. डोक्यावर तांब्यामागून तांब्या पाणी घेत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

आमच्याकडं घरातलं वडीलधारं माणूस गेलं की डोकं आणि मिशी दोन्ही काढायची. मुलानं काढायची, पुतण्यानंही काढायची. मग डोक्यावरून आंघोळ. आणि बाप जिवंत असताना कुणी मिशीला वस्तरा लावत नाही, चेष्टेतसुद्धा नाही.

खरं सांगतो, आधी तीनशेदोन आठवलं.  आता ही भिंत, हा हौद, हे लिंबाचं झाड जन्मभर बघायचं, लेकरं मोठी झालेली काचेतून बघायची, हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. त्याच्यानंतर आप्पा आले. सायकल आली. चढावर मला खाली न उतरवता स्वतः उतरून सायकल ढकलणारे आप्पा. मग मला बाकीचं काही सुचेना. तिरडीला खांदा द्यायला मी नाही, दहाव्याला मी नाही. एवढं तरी माझ्या हातात होतं. हे केलं तर मी त्यांचा पुतण्या, नाही केलं तर नुसता आरोपी.

मी रांग सोडून आश्रुबापुढं जाऊन बसलो. मागचे ओरडणार होते, पण माझं तोंड बघून गप्प बसले असावेत. मी डोक्यावरून हात फिरवून दाखवला, मग मिशीवर बोट ठेवलं. आश्रुबाचा हात थांबला. त्यानं डोळ्यांनीच विचारलं, कोण? मी आभाळाकडं बघितलं. शिपायानं काठी आपटली. आश्रुबानं साबणपाणी लावलं आणि वस्तरा चालवला. मिशी गेली तेव्हा ओठावर हवा लागली. मी डोळ्यांतून पाणी गाळत बसलो होतो, आणि तो बिचारा गालावरचं पाणी साबणाचं समजून पुसत होता.

मी आंघोळ केली. तेवढ्यात बंदीची शिट्टी झाली. आत आलो, टोटल झाली, कुलूप पडलं. अंगद तोंडावर ओला पंचा टाकून पडलेला. मी माझ्या जागेवर न जाता सरळ त्याच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. ज्याचा बाप आपण मारला त्याच्याशी काय बोलतात ते कुणी शिकवत नाही. मी त्याच्या पायाला हात लावला.

त्यानं पंचा बाजूला केला. आणि मला त्याची मिशी दिसली.

काळीभोर, जाड, होती तशी. टोकं ओली होऊन खाली आलेली. डोकं गुळगुळीत, आणि मिशी जागच्या जागी. माझ्या डोक्यात काही जुळेना. आणि मी तोंड उघडायच्या आत अंगद माझ्याकडं बघत होता, माझ्या डोक्याकडं, मग ओठाकडं, आणि त्याचा चेहरा डोळ्यांदेखत पांढरा पडला.

"आप्पा!" तो ओरडला. "आप्पा गेले रे! माझे आप्पा गेले!"

अख्खी बराक उठून बसली. अंगद छाती बडवून घेत होता. "कवा गेले? काल तुझी मुलाखत झाली. वहिनीनं सांगितलं ना तुला? मला कावून न्हाई सांगितलं बे? पोरगं हाय मी त्यांचं! तुला आधी कळलं, तू डोकं करून मोकळा झालास, आन् मी इथं खरजंचं औषध लावून पडलोय!"

"अंगद, मला कायबी म्हाईत न्हाई," मी म्हटलं. "मी तुझं डोकं बघून काढलं."

"माझं डोकं खरजंनं काढलंय! फोड आलेत, हे बघ! कंपाउंडरनं काढाय लावलं!"

"मग जेवत कावून नव्हतास?"

"जामीन फेटाळला माझा काल!"

आश्रुबा लांबून म्हणाला, "मला वाटलं तुझ्या सासुरवाडीचं कोण गेलं. इचारणार होतो, पर त्यो काठीवाला." कुणीतरी हसलं. अंगद हसला नाही. त्याला माझं खरं वाटत नव्हतं. मिशी काढलेला माणूस समोर बसलाय आणि म्हणतो कुणी मेलं नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? तो दाराकडं धावला, गज धरून शिपायाला हाका मारू लागला. घरी एक फोन लावू द्या म्हणाला, पाया पडतो म्हणाला. शिपाई सावलीत स्टुलावर बसला होता. "तीनला," तो म्हणाला. "किल्ली ऑफिसात हाय. तीनच्या आत कुणाचा बाप आला तरी उघडत न्हाई."

तीन वाजेपर्यंतचा तो वेळ मी विसरणार नाही. मला आता आप्पा जिवंत असल्याची आशा वाटत होती, आणि त्याला मेल्याची खात्री. तो गजाला डोकं टेकून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं झिडकारला नाही. रडताना तो जे बोलत होता त्यातलं एक वाक्य माझ्या कानात उशिरा शिरलं.

"परवाच तर बाजंवर बसून भाकर खाल्ली म्हणले होते."

"कुणी भाकर खाल्ली?"

त्यानं गज आणखी घट्ट धरले.

"अंगद, आप्पा घरी हायत?"

"पंधरा दिस झाले," तो गजाकडंच तोंड ठेवून म्हणाला. "दवाखान्यातून सोडलं. बोलत्यात, वळखत्यात. डोक्यात रक्ताची गाठ राहिलीय, कवाबी काय हुईल म्हणला डॉक्टर. पर चांगले होते."

पंधरा दिवस. पंधरा दिवस मी याच्या ताटातले तुकडे मोजत जगलो होतो आणि याला सगळं ठाऊक होतं. मी त्याच्या बनियनला धरून त्याला फिरवला. "सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?"

"तुला तडफडतानी बघायचं होतं मला," तो म्हणाला. "रोज माझ्या ताटाकडं बघायचास. मला कळत न्हवतं व्हय? दोनदा तर मी मुद्दाम जेवलो न्हाई. नुसतं तुझं तोंड बघायला."

मारायला उचललेला माझा हात वरच राहिला. मला हसू आलं. ते हसू बरं नव्हतं, त्यात रडं कालवलेलं होतं, पण थांबेना. माझ्यासाठी हा हरामखोर उपाशी राहिला होता! आमच्या खानदानात एवढी जिद्द शेतीत कुणी दाखवली असती तर आम्ही दोन विहिरी खणल्या असत्या. अंगद माझ्याकडं बघत राहिला, आणि मग तोही दोन हातांत तोंड घालून हसला की रडला ते मला सांगता येत नाही. आम्ही दोघं टकले गजापाशी बसून राहिलो.

तीनला दार उघडलं. शिपायांवरच्या सुभेदारानं खूप खळखळ करून त्याला ऑफिसात नेलं. मी दारात उभा राहिलो. लांबून तो येताना दिसला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, पायांकडं बघितलं. पाय नेहमीसारखे पडत होते.

"हायत," तो म्हणाला. "शिव्या घातल्या मला. म्हणले, दुपारची झोपमोड कावून केली."

आश्रुबानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं," तो म्हणाला. "तुमच्या आप्पाला आता मरण न्हाई." त्या संध्याकाळी अंगदनं ताट घेऊन माझ्याजवळ बसकण मारली. मिरचीची चटणी त्याच्याकडं होती, कांदा माझ्याकडं. विहिरीचा विषय कुणी काढला नाही.

पुढं वरच्या कोर्टात अंगदचा जामीन झाला. हात मोडण्याचं कलम डोकं फोडण्यापुढं हलकंच. माझा अर्ज मात्र पुन्हा फेटाळला. आप्पा घरी आले असले तरी डॉक्टरांनी धोका टळला नाही असं लिहून दिलं होतं. जाताना अंगद म्हणाला, "आप्पाला घिऊन येतो." मी म्हटलं, "एवढ्या लांब, उन्हाचं नको. हादरे बसतील." असं म्हटलं खरं, पण त्यानंतर प्रत्येक मुलाखतीला माझं नाव पुकारतात का म्हणून कान टवकारून बसायचो.

एका मंगळवारी पुकारलं. काचेपलीकडं आप्पा बसले होते. अंगदनं त्यांना दंडाला धरलं होतं. एवढासा झाला होता माणूस. पटक्याखालून पट्टी दिसत होती, आणि डावीकडचा ओठ किंचित ओघळलेला. मी फोन उचलला. त्यांना तो कसा धरायचा कळेना, अंगदनं त्यांच्या कानाला लावून दिला. मला पाया पडायचं होतं. काचेला डोकं टेकलं.

ते माझ्या ओठाकडं बघत होते.

"उगवली का रं मिशी?" त्यांनी विचारलं. शब्द जड येत होते.

"उगवतीय, आप्पा."

"जित्या माणसाच्या नावानं काढलीस."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?" ते म्हणाले. "मिशी का पाना?"

 हुंदका आला तो मी फोन बाजूला धरून दिला. आप्पा थांबले. घाई त्यांना कधीच नव्हती.

"वकिलाला इचारलं मी," ते म्हणाले. "म्हणलं, मी सही करतो, पोराला सोडा. त्यो म्हणला, सही घिऊ, पर कोर्ट डॉक्टरचं ऐकतं. मग इचारलं, मी गेलो तर ह्याचं काय हुईल? तर म्हणला, कलम बदलंल." त्यांनी ओघळलेला ओठ हातानं पुसला. "लई दुखतं रं उत्तऱ्या. रातचं तर डोक्यात घण घालतंय कुणीतरी. दवाखान्यात वाटायचं, सुटावं एकदाचं. आता मरायची बी चोरी झाली बघ."

मी काचेला हात लावून उभा होतो. मला एवढंच दिसत होतं की आम्ही दोघंही अडकलोत, मी इकडं आणि ते तिकडं, आणि त्यांना तर जामीनच नाही. मी तोंड उघडलं तोवर वेळ संपली आणि फोन खटकन बंद झाला. शिपाई माझा दंड ओढायला लागला.

"आप्पा, गोळ्या घ्या वेळेवर!" मी काचेवर ओरडलो. "गोळ्या चुकवू नका!" ते कुणासाठी ओरडलो, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांना ऐकू गेलं नाही. मेलेला फोन कानाला धरूनच ते माझ्या हलणाऱ्या तोंडाकडं बघत होते. अंगदला कळलं. त्यानं वाकून त्यांच्या दुसऱ्या कानात सांगितलं. आप्पांनी मान हलवली. फोन खाली ठेवला, बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, एक गोळी जिभेवर ठेवली. पाणी नव्हतंच. कोरडीच गिळली, आणि मग मला खात्री पटावी म्हणून काचेजवळ येऊन त्यांनी तोंड उघडून दाखवलं.